ध्रुवावरचा कानोसा थांबू नये

जानेवारी २००५ च्या तिसऱ्या आठवड्यात सूर्यावर लागोपाठ स्फोट झाले. त्या चार-पाच दिवसांत ‘युनायटेड एअरलाइन्स’ या अमेरिकी कंपनीने उत्तर ध्रुवाजवळून जाणारी आपली २६ उड्डाणे दुसऱ्या मार्गाने वळवली. विमानांत बिघाड नव्हता आणि वाटेत हिमवादळही नव्हते. ध्रुवीय भागात विमान आणि जमीन यांच्यातला रेडिओ संपर्क तुटेल, ही भीती होती.

दळणवळणाचे बहुतेक उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३६ हजार किलोमीटरवर असतात. साधारण ८२ अंश अक्षांशापलीकडे गेले की ते क्षितिजाखाली जातात. तिथे विमानाची भिस्त प्रामुख्याने शॉर्टवेव्हवर, म्हणजे ज्या लहरींवर एकेकाळी घरोघरी रेडिओ सिलोन ऐकला जाई त्याच लहरींवर असते. या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवर आपटून पुन्हा खाली येतात, म्हणून दूरवर पोहोचतात. तो थर बिघडला की आवाज पोहोचत नाही.

हा प्रश्न फक्त अमेरिकेचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को उड्डाण ध्रुवीय मार्गाने नेले. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला आलेले, सर्व महिला वैमानिकांनी चालवलेले विमान उत्तर ध्रुवावरून आल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. त्या मार्गावरचे आकाश आज कसे आहे हे कोण सांगते, याची बातमी मात्र कधी होत नाही. ते काम ध्रुवांवर आणि अंतराळात वर्षानुवर्षे चालू असलेली, रेडिओ लहरींनी वातावरणाचा कानोसा घेणारी यंत्रे करतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे फळ कधी मिळेल ते सांगता येत नाही. म्हणूनच ते खंडित होण्याचा धोका सर्वाधिक असतो.

या विद्येची सुरुवातच एका कोड्यातून झाली. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने इंग्लंडमधून सोडलेला संदेश सुमारे ३,४०० किलोमीटरवर, अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकला. पृथ्वी गोल, लहरी सरळ जाणाऱ्या. मग संदेश पोहोचला कसा? पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे सुचवले की आकाशात उंचावर वीज वाहून नेणारा थर असावा. डिसेंबर १९२४ मध्ये एडवर्ड ॲपलटन यांनी बीबीसीच्या प्रक्षेपकाचा उपयोग करून तो थर सुमारे १०० किलोमीटर उंचीवर असल्याचे दाखवून दिले. पुढे १९४७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. या थरांना आज आयनांबर म्हणतात. सूर्याची अतिनील आणि क्ष-किरणे हवेच्या कणांतून इलेक्ट्रॉन मोकळे करतात, त्यातून हे थर बनतात.

ॲपलटन तिथेच थांबले नाहीत. दुसऱ्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात, १९३२-३३ मध्ये, ते उपकरणे घेऊन नॉर्वेतल्या ट्रॉम्सो या आर्क्टिकमधल्या गावी गेले. इंग्लंडमध्ये नेमाने मिळणारे रेडिओचे प्रतिध्वनी इथे चुंबकीय वादळ आले की पार नाहीसे होत. लहर वर जाई आणि परत येतच नसे. ध्रुवावरचे आकाश इतर ठिकाणच्या आकाशासारखे नाही, हे तिथे स्पष्ट झाले.

त्याचे कारण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात आहे. विषुववृत्ताच्या आसपास या क्षेत्राच्या रेषा जमिनीला जवळजवळ समांतर असतात आणि सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांना अडवतात. ध्रुवांजवळ त्याच रेषा उभ्या होऊन अवकाशाकडे जातात. घराला सगळीकडून भिंती आणि वर धुराडे उघडे, तशी ही रचना आहे. सूर्यावर मोठा स्फोट झाला की वेगवान प्रोटॉन काही मिनिटांत ते काही तासांत या वाटेने आत शिरतात आणि ५० ते ९० किलोमीटर उंचीपर्यंत उतरून तिथली हवा विद्युतभारित करतात. एवढ्या खाली हवा तुलनेने दाट असते. लहरीने हलवलेले इलेक्ट्रॉन हवेच्या रेणूंवर आदळतात आणि लहरीची शक्ती उष्णता होऊन जिरते. याला ध्रुवटोपी शोषण म्हणतात. ते काही दिवस टिकू शकते. फेब्रुवारी १९५६ मधल्या अशाच सौरस्फोटाच्या वेळी आर्क्टिक पाण्यात असलेल्या ‘ॲकेरॉन’ या ब्रिटिश पाणबुडीशी संपर्क तुटला आणि ती बुडाली की काय, अशी काही तास धावाधाव झाली. पाणबुडी सुखरूप होती. रेडिओ तेवढा मुका झाला होता.

हे आकाश तपासायचे कसे? रुग्णालयातल्या तपासण्या डोळ्यांसमोर आणल्या तर पद्धती चटकन समजतात.

पहिली पद्धत सोनोग्राफीसारखी, म्हणजे प्रतिध्वनीची. आयनोसोंड नावाचे यंत्र कमी कंपनसंख्येपासून वरच्या कंपनसंख्येपर्यंत रेडिओचे ठोके सरळ वर सोडते आणि प्रत्येक ठोका किती वेळाने परत आला ते मोजते. वेळेवरून उंची कळते. कोणत्या कंपनसंख्येला ठोका परत न येता आरपार निघून गेला, त्यावरून त्या थरात जास्तीत जास्त इलेक्ट्रॉन किती ते कळते. याचीच मोठी भावंडे म्हणजे रडार. ट्रॉम्सोजवळ १९८१ पासून आणि स्वालबार्ड बेटावर १९९६ पासून चालणारी ‘आयस्कॅट’ रडारे शक्तिशाली लहरी सोडून सुट्या इलेक्ट्रॉनांकडून परतलेला अत्यंत क्षीण प्रतिसाद टिपतात आणि त्यातून उंचीनुसार घनता आणि तापमान काढतात. ‘सुपरडार्न’ हे शॉर्टवेव्ह रडारांचे जाळे दोन्ही ध्रुवांभोवती पसरले आहे. आयनांबरातला विद्युतभारित वायू कुठून कुठे वाहतो आहे, याचा नकाशा ते काढते.

दुसरी पद्धत एक्स-रेसारखी, म्हणजे सावलीची. आकाशगंगेतून रेडिओचा मंद कोलाहल पृथ्वीवर अखंड येत असतो. त्याची रोजची पातळी ठरलेली असते. रिओमीटर हे साधे, स्वस्त यंत्र स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही. ३० मेगाहर्ट्झच्या आसपास तो कोलाहल ऐकत बसते. आज आवाज नेहमीपेक्षा दबला असेल तर मध्ये काहीतरी तो गिळते आहे, असे निदान. १९५० च्या दशकात अलास्कात विकसित झालेले हे यंत्र आजही उपयोगी आहे. सूर्याकडून निघालेले कण उपग्रह वरच्या वर मोजतात, पण ते ध्रुवावर किती खाली उतरले आणि किती दूरवर पसरले, याची खूण जमिनीवरून असे ऐकूनही मिळते.

तिसरी पद्धत वाकण्याची. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून सतत संकेत पाठवतात. खालच्या कक्षेतल्या एखाद्या उपग्रहाच्या दृष्टीने जीपीएसचा उपग्रह पृथ्वीच्या कडेआड मावळू लागला की त्याचा संकेत वातावरणातून तिरका येतो आणि जास्तीत जास्त अंशभर वाकतो. अणुघड्याळांमुळे हे वाकणे अचूक मोजता येते आणि त्यावरून प्रत्येक उंचीचे तापमान काढता येते. १९६५ मध्ये मरिनर-४ यानाने मंगळाआड जाताना याच युक्तीने मंगळाची हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ असल्याचे सांगितले. १९९५ पासून ही पद्धत पृथ्वीसाठी वापरली जाते. भारताच्या २००९ मधल्या ओशनसॅट-२ वर असे इटालियन उपकरण होते. या पद्धतीला ढग अडवत नाहीत आणि उजेड लागत नाही. जिथे महिनोन्महिने सूर्य उगवत नाही आणि हवामान केंद्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, तिथे याचे मोल वेगळे सांगायला नको.

आरोग्याच्या स्तंभात हे कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. त्याची उत्तरे दोन.

पहिले उत्तर ओझोनचे. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात ओझोन थराच्या उंचीवर तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की तिथे विशिष्ट ढग तयार होतात. माणसाने हवेत सोडलेल्या रसायनांतला क्लोरीन या ढगांच्या पृष्ठभागावर सक्रिय होतो आणि वसंतात सूर्य उगवताच ओझोन नष्ट करू लागतो. ओझोन कमी म्हणजे जमिनीवर अतिनील किरणे जास्त, आणि त्यांच्यापाठोपाठ त्वचेचे कर्करोग व मोतीबिंदू. म्हणजे यंदा छिद्र किती मोठे होईल, हे बऱ्याच अंशी त्या उंचीवरच्या थंडीवर ठरते. सप्टेंबर २००२ मध्ये दक्षिण ध्रुवावरचा हा थर अचानक तापला आणि ओझोनचे छिद्र दुभंगून लहान झाले. मार्च २०२० मध्ये उत्तर ध्रुवावर उलट घडले. थंडी लांबली आणि आर्क्टिकमध्ये ओझोनचा विक्रमी ऱ्हास झाला. हे तापमान दोन वाटांनी कळते. एक, वर सांगितलेल्या जीपीएस संकेतांच्या वाकण्यातून. दुसरी, फुग्याला बांधलेल्या रेडिओसोंडमधून. रशियाच्या पावेल मोल्चानोव यांनी जानेवारी १९३० मध्ये असे छोटे प्रक्षेपक फुग्यासोबत सोडले आणि पुढच्याच वर्षी ‘ग्राफ झेपेलिन’ या हवाई जहाजातून आर्क्टिकवर नेले. फुगा वर जात राहतो आणि तिथले तापमान रेडिओने खाली कळवत राहतो. आजही ध्रुवावरच्या केंद्रांत हे काम नेमाने चालते.

दुसरे उत्तर किरणोत्सर्गाचे. दहा-बारा किलोमीटर उंचीवरून उडताना वैश्विक किरणांची थोडी मात्रा प्रत्येकाला मिळते. ध्रुवांकडे चुंबकीय संरक्षण कमी, म्हणून तिथे ती जास्त असते. लांबच्या एका उड्डाणात मिळणारी मात्रा छातीच्या एक-दोन एक-रेंच्या किंवा थोड्या अधिक एक्स-रेंच्या आसपास असते. वर्षातून एकदा मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आजी-आजोबांनी त्याची चिंता करण्याचे कारण नाही. पण वैमानिक आणि केबिन कर्मचारी यांची गोष्ट वेगळी. त्यांची वार्षिक मात्रा साधारण २ ते ५ मिलिसीव्हर्ट असते. पृथ्वीवर सरासरी माणसाला निसर्गातून वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, त्याच्यावर ही भर. आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण आयोगाने १९९० पासून ही व्यावसायिक मात्रा मानली आहे. विमान कर्मचाऱ्यांत मेलानोमा आणि स्तनाचा कर्करोग काहीसा जास्त आढळतो, असे काही अभ्यास सांगतात. त्यात रात्रपाळ्या आणि उन्हातल्या सुट्ट्या यांचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. त्यामुळे घाबरवणे योग्य नाही, तसेच मोजायचेच नाही हेही योग्य नाही. गरोदर कर्मचाऱ्यांसाठी तर मर्यादा स्पष्ट आहे. गर्भारपण कळवल्यानंतर गर्भाला उरलेल्या काळात मिळणारी मात्रा १ मिलिसीव्हर्टच्या आत राहावी. मोठ्या सौरस्फोटाच्या वेळी ध्रुवीय मार्गावरची मात्रा वाढते, आणि त्या वेळी कण कुठवर पसरले आहेत हे समजून घ्यायला रिओमीटरच्या नोंदी मदत करतात. नोव्हेंबर २०१९ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्यवस्थेत विमानांना अंतराळ-हवामानाच्या सूचना दिल्या जातात. रेडिओ संपर्क, उपग्रह दिशादर्शन आणि किरणोत्सर्ग हे त्यातले तीन विषय आहेत.

इथे एक विसंगती दिसते. आपल्याकडे एक्स-रे विभागातला तंत्रज्ञ छातीवर टीएलडी बॅज लावतो. तो ठरावीक काळाने तपासणीला जातो आणि त्याच्या मात्रेची नोंद राहते. युरोपात ज्यांची मात्रा वर्षाला १ मिलिसीव्हर्टच्या वर जाऊ शकते, अशा विमान कर्मचाऱ्यांच्या मात्रेचा हिशेब ठेवणे विमान कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक आहे. ध्रुवीय मार्गांवर जाणाऱ्या भारतीय कर्मचाऱ्यांनाही असा वार्षिक आकडा हातात मिळायला हवा. त्यासाठी प्रत्येकाला बॅज लावण्याचीही गरज नाही. उड्डाणाचा मार्ग, उंची आणि त्या दिवसाची सूर्याची स्थिती यांवरून मात्रा गणिताने काढता येते. हे गणित बरोबर यायचे तर त्या दिवसाच्या आकाशाची नोंद हवी.

या नोंदींत भारत मागे नाही. पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकाला पोहोचली. आज तिथे १९८९ पासूनचे ‘मैत्री’ आणि २०१२ पासूनचे ‘भारती’ ही केंद्रे आहेत. आर्क्टिकमध्ये स्वालबार्डच्या न्यू-ओलेसुंड इथे २००८ पासून ‘हिमाद्री’ आहे. यांचा कारभार गोव्यात वास्कोला असलेली राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था पाहते. नवी मुंबईत पनवेलला असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था अंटार्क्टिकात चुंबकमापक आणि रिओमीटर चालवते.

या संस्थेचा वारसा कुलाब्याच्या वेधशाळेचा आहे, आणि तोच इथे खरा धडा देतो. कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. त्या काळी रेडिओ नव्हता, सौरवादळ हा शब्दही नव्हता. सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला मुंबईतल्या निरीक्षकांनी हाताने लिहिलेल्या नोंदींत काट्याची एक विलक्षण घसरण उतरली, सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची. तिचा नेमका अर्थ तेव्हा कोणालाही लागणे शक्य नव्हते. २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी त्याच नोंदींवरून इतिहासातल्या त्या सर्वात मोठ्या ज्ञात चुंबकीय वादळाची तीव्रता मोजली. विमाने, वीजजाळी आणि उपग्रह यांना होऊ शकणाऱ्या धोक्याचा अंदाज बांधताना जगभर त्या वादळाचा दाखला दिला जातो. नोंद घेणाऱ्याला तिचा उपयोग ठाऊक नसला तरी चालते. नोंद मात्र असावी लागते.

दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार, हे ओळखून वेधशाळा अलिबागला हलवली गेली. तिथले काम १९०४ मध्ये सुरू झाले, पण कुलाब्याचे लगेच बंद केले नाही. सुमारे दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि जुने-नवे आकडे जुळवून मगच कुलाब्याची यंत्रे थांबवली. म्हणून १८४१ पासूनची मालिका आजही सलग वाचता येते. प्रयोगशाळेत साखर मोजणारे यंत्र बदलताना काही दिवस जुने आणि नवे दोन्ही चालवून पाहतात, त्यातलाच हा शहाणपणा. नाही तर रुग्णाची साखर बदलली की यंत्र बदलले, हे कळत नाही.

आता हा प्रश्न पुन्हा उभा राहणार आहे. ‘मैत्री’ जुने झाले आहे आणि त्याच्या जागी नवे केंद्र उभारण्याची योजना आहे. नवी इमारत, नव्या सोयी यांची चर्चा होईल, आणि ती व्हायलाच हवी, कारण तिथे हिवाळा काढणाऱ्या माणसांचे आरोग्य त्यावर अवलंबून आहे. पण जुन्या केंद्रातले रिओमीटर आणि चुंबकमापक कधी बंद होणार, नवी यंत्रे कधी सुरू होणार आणि दोन्ही एकत्र किती काळ चालणार, हे आराखड्यात आधीच लिहिलेले असावे. यंत्रे नव्या जागी सामानासारखी हलवली आणि मधे दोन-तीन वर्षांची दरी पडली, तर ती नंतर कोणत्याही निधीने भरून काढता येणार नाही. अडचणीतही सातत्य राखता येते, याचे उदाहरण समोर आहे. ब्रिटनच्या ‘हॅली’ केंद्राखालच्या हिमफळीला भेगा पडू लागल्या, तेव्हा केंद्र सुमारे २३ किलोमीटर सरकवले गेले. २०१७ पासून हिवाळ्यात तिथे माणसे ठेवत नाहीत, पण छोटे टर्बाइन लावून यंत्रे आपोआप चालतील अशी सोय केली आहे. ओझोनचे छिद्र १९८५ मध्ये याच केंद्राच्या १९५० च्या दशकापासूनच्या सलग मोजमापांतून जगाला कळले. ती मोजमापे रेडिओची नव्हती, सूर्यप्रकाशाची होती. पण मधली दहा वर्षे गहाळ असती तर ओझोन कधीपासून घटू लागला, हे सांगणे अवघड झाले असते.

एक आक्षेप उरतो, आणि तो हलका नाही. ज्या देशात तालुक्याच्या रुग्णालयात कधी औषध नसते तर कधी डॉक्टर, तिथे ध्रुवावरचा कोलाहल ऐकायला पैसे कशाला? याचे प्रामाणिक उत्तर असे की रिकाम्या औषधपेटीची जबाबदारी रिओमीटरवर ढकलता येत नाही. केंद्र उभारणे आणि जहाज पाठवणे खर्चिक आहे, तो खर्च देशाने आधीच स्वीकारला आहे. एकदा तो केल्यावर यंत्र चालू ठेवणे, नोंद जपणे आणि ती विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना सहज मिळेल अशी ठेवणे, याचा खर्च त्यामानाने किरकोळ असतो. तेवढाच वाचवणे म्हणजे रुग्णाला भरती करून, तपासण्या करून, केसपेपरच न लिहिण्यासारखे आहे. आणि ज्या रुग्णालयात केसपेपर नीट लिहिले जात नाहीत, तिथे औषधांचा हिशेबही लागत नाही, हा सरकारी व्यवस्थेतला जुना अनुभव आहे.

मे २०२४ मध्ये २००३ नंतरचे सर्वात तीव्र चुंबकीय वादळ आले आणि लडाखमधल्या हानले इथे आकाश लाल झालेले दिसले. त्या रात्रीची छायाचित्रे सगळीकडे फिरली. त्याच रात्री ध्रुवांवरच्या यंत्रांनी कोणतेही छायाचित्र न काढता आपली रेघ कागदावर आणि संगणकात उतरवली. पुढचे मोठे वादळ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. ते येईल तेव्हा ‘मैत्री’च्या नोंदवहीत कोरे पान असू नये, याची तजवीज नव्या केंद्राचा पाया खोदण्याआधी व्हायला हवी.